कडीवरचा हात

१

दुपार झाली की आमच्या कमानींखालचा बाजार आडवा होतो. मासेवाली टोपलीवर ओला फडका टाकते, न्हावी आपल्याच खुर्चीत मान मागे टाकून घोरतो, रस्त्यावर वाळत घातलेल्या कोकोच्या बियांचा आंबूस वास तेवढा जागा असतो. ग्वायाकील बंदरात या वेळी शहाणी माणसं झोपतात. ज्यांना झोप येत नाही ती माझ्याकडे येतात.

माझा धंदा कादंबऱ्या भाड्याने देण्याचा. भिंतीला दोऱ्या, दोऱ्यांवर चिमट्यांनी टांगलेली पुस्तकं, समोर दोन लांब बाकडी. नाणं टाकायचं, बसून वाचायचं, पुस्तक होतं तिथे परत टांगायचं. घरी न्यायचं असेल तर ओळख लागते. माझी सगळ्यात जास्त पुस्तकं ओळखीच्यांनीच बुडवली आहेत, पण ते असो.

शाळेत मी अक्षरं जुळवण्यापुरता गेलो. तरी कुठली कादंबरी कुठे मरते ते मी न वाचता सांगतो. पुस्तक मिटायचं आणि बाजूने बघायचं. वाचकांच्या अंगठ्यांनी पानांच्या कडा काळ्या पडतात. काळं आहे तिथवर गोष्ट जिवंत. पुढे कडा पांढऱ्याशुभ्र दिसल्या की समजायचं, इथे लेखकाने सूर्यास्त घातलेला आहे.

एकदा कोपऱ्यावरचा खाटीक सुरी घेऊनच दुकानात आला. कादंबरीतली मुलगी अर्ध्यातच मेली म्हणून पैसे परत मागत होता. मी म्हटलं, "अरे बाबा, मी नाही मारली." तर म्हणतो, "भाड्याने तर तूच दिलीस ना?" पैसे दिले परत. त्या दिवशी मला कळलं, की माणूस गोष्ट वाचत नाही, गोष्टीत कोणीतरी आपलं ठेवून येतो. आणि जे ठेवलंय ते बघायला त्याला पुन्हा पुन्हा यावंच लागतं.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. एवढी पुस्तकं वाचली की कुठलं वाचलं, कुठलं नाही, कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून प्रत्येकाची आपली खूण. शिवणकाम करणारी एर्मेलिंदा ठरलेल्या पानावर सुईने भोक पाडते. बंदरावरचा हमाल मकारियो सिगारेटचा चटका देतो. पुस्तक हातात आलं की आधी ते पान उघडायचं, खूण दिसली की "हे झालंय माझं" म्हणून परत टांगायचं. मी ओरडतो, कोणी ऐकत नाही. चांगल्या चालणाऱ्या पुस्तकाचं एखादं पान चाळणीसारखं होऊन जातं.

हे सगळं सांगतोय, कारण पुढे जे झालं ते अशाच एका खुणेपासून सुरू झालं.

२

निकानोर बाहान्या जकातीच्या गोदामात कारकून होता आणि आमच्याच गल्लीत राहायचा. लिहायचा सुंदर. म्हणजे इतकं सुंदर की दुसऱ्या पानावर कडा पांढऱ्या. मी त्याला म्हटलं, "लेखकमहाराज, दर आठवड्याला एक पातळ भाग द्या. छपाई माझी, भाडं माझं, तुमचे पैसे रोख. पण मी सांगीन तसं लिहायचं."

सकाळी मी त्याला समोर बसवून कच्च्या केळ्याचे गोळे खाऊ घालायचो आणि शिकवायचो.

"प्रकरण संपलं की वाचकाने श्वास नको का सोडायला, शेठ?"

"सोडू दे की. पण त्याने श्वास घेतलाय आणि अजून सोडला नाही, तेवढ्यात प्रकरण संपव."

"आणि मग?"

"मग आठवडाभर तो ते तोंड तसंच धरून हिंडतो. दुसरं, बाईला जे माहीत नाही ते वाचकाला आधी सांग. तो बाकावरून ओरडला पाहिजे, अगं, जाऊ नकोस! तिसरं, वाचकाला त्याच्या घरातली एखादी वस्तू दे. कोणाची कप धरायची लकब, कोणाचा खोकला. त्याला वाटलं पाहिजे, हा लेखक माझ्या खिडकीतून डोकावून गेला."

"ही चोरी झाली."

"चोरी नाही, उसनवारी. परत द्यायची नसते एवढंच."

तो हसला. पण शिकला. त्याने 'बंद खोली' सुरू केली. मळ्यावरचं एकाकी घर, त्यात नुकती लग्न होऊन आलेली अम्पारो, आणि लांब ओसरीच्या टोकाला एक कुलूप नसलेली पण कायम लावलेली खोली. आत कोणीतरी चालतं. प्रत्येक भागात काही ना काही घडून अम्पारो त्या दारापाशी येते, कडीवर हात ठेवते, आणि भाग संपतो.

असा धंदा मी आयुष्यात केला नाही. कडा शेवटच्या पानापर्यंत काळ्या. बाकावर जागेसाठी भांडणं.

"आत तिचा नवरा आहे," मकारियो म्हणायचा. "बाहेरचा तो तोतया."

"नवऱ्याला कोण कोंडून ठेवील?" एर्मेलिंदा दातातला दोरा तोडत म्हणायची. "तेवढं सुख कोणाच्या नशिबात आहे?"

माझी थोरली बहीण फेलीसा मात्र या गमतीत नसायची. ती बाकाच्या टोकाला बसायची आणि कोणाशी बोलायची नाही. तिचा एकुलता एक मुलगा एलोय केळ्यांच्या जहाजावर खलाशी म्हणून गेला. जहाज परत आलं, तो आला नाही. कप्तान म्हणाला, वाटेत कुठल्याशा बंदरात उतरला असेल. दुसरा एक खलाशी म्हणाला, उतरला नाही, रात्री होता आणि सकाळी नव्हता. प्रेत नाही, पत्र नाही. माझी बहीण विधवा झाली तेव्हा रडली होती. या वेळी रडायचं की नाही हेच तिला कोणी सांगितलं नाही.

एके दुपारी तिने मला हाताने जवळ बोलावलं.

"अब्दोन, आतला माणूस डावी चप्पल फरपटत चालतो."

"गोष्ट आहे ताई."

"सकाळी आतून आवाज येतो, कॉफीत गूळ जास्त घाल म्हणून. असं कोण म्हणायचं?"

मी तडक निकानोरच्या खोलीवर गेलो. तो शांतपणे म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत ना, घरातली वस्तू द्यायची? पोरगं रोज माझ्या खिडकीखालून जायचं. कानात बसलं होतं ते."

"अरे, पण ती माझी बहीण आहे!"

"वाचक आहे ना पण?"



३

त्याच सुमाराला ती खूण दिसली. भागाच्या शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीच्या खाली, नखाची एक चंद्रकोर. मी म्हटलं, नवीन गिऱ्हाईक. बरं, सुई आणि सिगारेटपेक्षा नख परवडलं. पुढच्या आठवड्यात प्रत्येक प्रतीत तीच चंद्रकोर. मी बाकावर सगळ्यांचे हात बघितले. मकारियोने नखं दाखवली. पोती उचलून उचलून बोथट झालेली, ती लोण्यात उमटली नसती.

त्यानंतरचा गठ्ठा मी स्वतः छापखान्यातून आणला. सुतळी स्वतः सोडली. शाई अजून बोटाला लागत होती. प्रत्येक प्रतीत शेवटच्या ओळीखाली नख.

छापखानेवाल्याला जाब विचारला तर तो म्हणाला, "माझ्या यंत्राला नखं नाहीत, शेठ. असती तर पगार मागितला असता."

मी व्यापारी माणूस. जगात असं काही नाही ज्याला कारण नाही. कुठला तरी खिळा वर आला असेल, कुठली पट्टी टोचत असेल. मी स्वतःला तसं सांगितलं आणि सहज त्या पानावरून अंगठा फिरवला.

नख वरून दाबलं की कागदात खड्डा पडतो. इथे उंचवटा होता. माझ्या अंगठ्याकडे आलेला.

मी पान उलटलं. मागची बाजू कोरी. कोऱ्या बाजूला खड्डा. आणि त्यानंतर भागाचं मागचं पिवळं पातळ वेष्टन, ते अगदी गुळगुळीत. म्हणजे दाबणाऱ्याने पान आणि वेष्टन यांच्या मधून दाबलं होतं. मधे काय असतं? मधे काही नसतं.

पुढच्या भागात चार नखं होती, एका ओळीत, आणि बाजूला थोडं खाली पाचवं. दार ढकलताना हात जसा पडतो तसा.

मी हे कोणाला बोललो नाही. बोलून काय, धंदा बुडवायचा? मी शेवटच्या पानावर माझ्या दुकानाचा शिक्का मारायला लागलो, बरोबर त्याच जागी. म्हटलं, झाकून जाईल. पुढच्या आठवड्यात शिक्क्याच्या मधोमध कागद फाटलेला होता, आणि फाटलेल्या कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या.

एका दुपारी बाकावर पाच-सहा माणसं वाचत होती आणि बाकी सगळं निपचित. मला खरवडल्याचा आवाज आला. बारीक, थांबून थांबून. मनात म्हटलं, खेकडेवाल्याची टोपली. ते बांधलेले खेकडे दिवसभर असेच एकमेकांना खरवडत असतात. बरं वाटलं. मग मान वळवून बघितलं तर खेकडेवाल्याचा माल कधीच संपला होता आणि तो रिकामी टोपली डोक्याखाली घेऊन झोपला होता.

आवाज बाकाच्या टोकाकडून येत होता. फेलीसाचा भाग वाचून झाला होता. तिने शेवटचं पान तळहातावर असं आडवं धरलं होतं, जसं आजारी माणसाचं कपाळ धरतात. आणि ती खालच्या आवाजात कागदाला म्हणत होती, "थांब हं. अजून थोडं थांब."

४

निकानोरने गोदामाची नोकरी सोडली होती. मी गेलो तेव्हा तो भर उन्हाच्या वेळी खिडक्या लावून बसला होता. समोर अन्नाला बुरशी आलेली.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"मला माहीत नाही."

"लेखक तू आहेस ना?"

"सुरुवातीपासून माहीत नव्हतं, शेठ. मलाच माहीत नसलं म्हणजे वाचकाला सुगावा लागायचा नाही, असा माझा हिशोब. चांगली युक्ती होती." तो हसायला गेला, पण ओठ नुसतेच सुकल्यासारखे ताणले गेले. "आत कोणी नव्हतंच. नुसता आवाज होता. तुमच्या बाकावरच्या लोकांनी त्याला माणूस केलं. आठवडाभर एवढी माणसं एकाच दाराकडे बघत बसली तर पलीकडे कोणीतरी यायचंच ना?"

"नखं तू बघितलीस?"

"माझ्या हस्तलिखितात आधी येतात. तुम्हाला वाटतं मी त्या बाईला दारापाशी थांबवतो? पहिले काही भाग मी थांबवली. आता मी उघड म्हणून लिहायला घेतो आणि पलीकडून कोणीतरी कडी धरून ठेवतं. त्याला घाई नाही. वाट बघायला आपणच शिकवलं त्याला."

 पण मी तिथे भुताखेतांसाठी गेलो नव्हतो, बहिणीसाठी गेलो होतो. ती हल्ली जेवत नव्हती. जहाज कंपनीकडून चौकशीला कोणी आलं तर दार उघडत नव्हती, कारण तिच्या लेखी एलोय सापडला होता, नुसता बाहेर यायचा बाकी होता.

मी खुर्ची ओढून बसलो. "हे बघ. पुढचा भाग शेवटचा. दार उघडायचं. आणि आत एलोय नाही. जिवंत नाही, मेलेला नाही. त्याची चप्पल, त्याचा गूळ, काही नाही. आत दुसराच कुणीतरी."

"कोण?"

"कुणीही. परका. ताईने कधी बघितला नाही असा. ती रडेल, तुला शिव्या देईल, मला देईल, आणि उठून घरी जाईल. तेवढंच पाहिजे मला."

"नाव काय त्याचं?"

"नाव देऊ नकोस. नाव दिलं की लोक जीव लावतात. चेहराही नको. डोळे कसे, केस कसे, काही लिहू नकोस. वाचकाला धरायला काही ठेवूच नकोस."

हे मी माझ्या धंद्यातल्या अकलेने सांगितलं. इतकी वर्षं वाचकाला धरून ठेवायचं कसं ते मी शिकलो होतो, म्हणजे सोडवायचं कसं तेही मला येत असणार, असं मी धरून चाललो.

 निकानोरने टाक उचलला आणि माझ्यासमोर लिहायला लागला. एकदाही न थांबता. वाक्यं जणू कोणी पलीकडून ओढून घेत होतं.

"घेतलं," तो शेवटी म्हणाला.

"काय घेतलं?"

"त्याला चालतंय म्हणतो. कुणीही व्हायला."

५

शेवटच्या भागाच्या एकाही प्रतीत नख नव्हतं. मी गठ्ठा सोडून प्रत्येक प्रत तपासली. कागद नवा, सपाट, निर्जीव. किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

दुपारी बाकं भरली. वाचून झाल्यावर आधी मकारियोने भाग जमिनीवर आपटला.

"हे काय? दार उघडलं आणि कोणीतरी बाहेर आलं? कोण कोणीतरी?"

"माझी शिलाई वाया घालवली या मेल्याने," एर्मेलिंदा म्हणाली. "तीन झग्यांचं काम मागे पडलंय, ते या कोणीतरीसाठी?"

"शेठ, पैसे परत!"

मी सगळ्यांना हात जोडले. मला शिव्या हव्याच होत्या. माझं लक्ष फेलीसाकडे होतं.

तिने शेवटपर्यंत वाचलं. भाग मिटला, मांडीवर ठेवला. आता ती रडेल म्हणून मी पुढे झालो. ती रडली नाही. तिने परकर सावरला आणि बाकावर एका बाजूला सरकली. गर्दीत कोणी शेजारी बसायला आलं की आपण सरकतो तशी. तिने मोकळी केलेली बाजू भिंतीची होती, तिथे कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने ती उठली. माझ्या गालाला हात लावला, लहानपणी लावायची तसा.

"दार उघडलं बाबा एकदाचं," ती म्हणाली. "चल."

मी म्हटलं, "थांब, दुकान लावतो आणि येतो."

पण ती निघाली होती. कमानींच्या सावलीतून जाताना ती पदपथाच्या एका कडेने चालत होती, अर्धा रस्ता मोकळा सोडून. समोरून येणारा पाववालासुद्धा त्या मोकळ्या अर्ध्यात पाय न घालता खाली उन्हात उतरला. त्याने असं का केलं हे मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, "मी? मी कुठे उतरलो?"

६

ती त्यानंतर बाकावर आली नाही. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. निकानोर गाव सोडून गेला असं कळलं. गेला तेव्हा टाक आणि कागद खोलीतच ठेवून गेला. माझ्या दोऱ्यांवर पुन्हा जुन्या प्रेमकथा आल्या, कडा पुन्हा मध्येच पांढऱ्या पडायला लागल्या. चालायचंच.

मग एका रविवारी मी कोंबडी घेऊन बहिणीकडे गेलो. जिना चढतानाच रश्श्याचा वास आला. कित्येक महिन्यांनी तिच्या चुलीवर काहीतरी शिजत होतं. तिने केस विंचरले होते, कानांत काही घातलं होतं. गाल भरले होते. माझी बहीण मला परत मिळाली होती, मी मागितली होती तशीच.

खिडक्यांच्या फळ्या मात्र सगळ्या लावलेल्या. टेबलावर दोन ताटं.

"मी येणार हे तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"तुझं कुठे काढलंय? थांब, आणते तिसरं."

आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता. एलोयची खोली. ती तिसरं ताट आणायला गेली तेव्हा मी त्या पडद्याकडे बघितलं, आणि मग वाटलं, बघायला नको होतं. वारा नव्हता. पडदा खांद्याइतक्या उंचीवर पुढे आला होता, मागे कोणी अगदी टेकून उभं असल्यासारखा. छातीचा उंचवटा दिसत होता, दोन्ही खांदे दिसत होते. श्वासाने कापड हलत होतं. खांद्यांच्या वर जिथे नाक, हनुवटी, कपाळ यांनी कापड उचललं जायला पाहिजे, तिथे ते सरळ खाली पडलं होतं. सपाट. लिहायचा राहिलेल्या कागदासारखं.

फेलीसा परत आली. माझं तोंड बघून तिने ताट हळूच ठेवलं.

"ताई," मी म्हटलं.  "तो एलोय नाही."

"माहीत आहे मला. आई आहे मी, एवढं नाही कळायचं?" ती रस्सा वाढायला लागली. "आपला आला नाही, अब्दोन. किती दिवस पायऱ्यांवर कान लावून बसले, आपला नाही आला. हा आला."

"कोण आहे पण हा?"

"विचारलं मी. म्हणाला, कुणीही. मग मी म्हटलं, एलोय म्हणून हाक मारली तर चालेल का? चालेल म्हणाला." ती हसली, खरंच हसली. "बिचाऱ्याला काही मागावं कसं तेसुद्धा येत नाही. सगळं शिकवावं लागतंय. चालणं शिकवलं. कॉफीत गूळ किती ते शिकवलं."

"ताई, माझ्याबरोबर चल. आत्ता."

"आणि याचं कोण करील?"

तिने सगळ्यात मोठा तुकडा दुसऱ्या ताटात वाढला आणि ताट पडद्यापाशी नेऊन जमिनीवर ठेवलं. परत येताना माझी टोपी उचलून माझ्या हातात दिली. माझं ताट अजून रिकामं होतं.

"तू आता निघ, अब्दोन. नवीन माणसाला तो बिचकतो. आणि जाताना दार घट्ट ओढून घे. एक गेला, आता या घरातून मी कोणाला जाऊ देणार नाही."

मी दार ओढून घेतलं. आतून तिने दोन्ही कड्या लावल्या, आणि मी पायरी उतरायच्या आत तिने कोणाला तरी जेवायला हाक मारली.